ऑस्ट्रँडरसाहेबांची गुणगुण

आदरणीय मर्टल आत्या,

लॉस एंजेलिसहून वेंडेलचा आदरपूर्वक नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना नको म्हणून तू खाट स्वयंपाकघरात आणलीस असं कळलं. कोंबड्यांना तेवढं आत घेऊ नकोस. मी बरा आहे.

तू लिहितेस, की सगळं गाव चष्मे लावून थिएटरात बसलं, पडद्यावर नायिकेचे केस विंचरणाऱ्या बाईचंसुद्धा नाव आलं, आणि तुझ्या भाच्याचं नाही. वर विचारतेस, "वेंडेल, तू खरंच संगीताचं काम करतोस ना, की कुठे बशा विसळतोस?" आत्या, मला फार लागलं ते. एकोणीस वर्षं ऑस्ट्रँडरसाहेबांचं संगीत मी लिहितोय आणि नाव त्यांचं येतंय. साहेब स्वतः फक्त गुणगुणतात. (इथे अशा संगीतकारांना गुणगुणेच म्हणतात. तोटा नाही त्यांचा.) सकाळी टबात बसून टेपवर दीड मिनिट 'हूं हूं, ला ला' करायचं आणि ती टेप माझ्याकडे धाडायची. त्यातून साठ वादकांचं चाळीस मिनिटांचं संगीत मी उभं करायचं. एका टेपवर तर निम्मा वेळ ते टॉवेलवरून बायकोशी भांडत होते. तेही मी चेलोवाल्यांना वाजवायला दिलं, आणि वर्तमानपत्रांनी नेमकी त्याच भागाची तारीफ केली. घरात बक्षिसांची रांग लावलीय या गृहस्थाने, पण कागदावरचा एक सूर वाचता येत नाही. तुझी सगळ्यात मठ्ठ कोंबडी एवढ्या वर्षांत पाहून पाहून शिकली असती.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचं पितळ उघडं पडलं. रेकॉर्डिंग चालू होतं, साहेब काठी हलवत उभे होते. (वादक त्यांच्याकडे बघतच नाहीत, कानाला लावलेल्या यंत्रात तालाची टकटक चालू असते, तिच्यावर वाजवतात. मध्येच साहेब शिंकायला थांबले, तेही कुणाला कळलं नाही.) तेवढ्यात निर्माते ग्रिबल आले. "नायिका मरायला फार वेळ घेते. अकरा सेकंद कापलीत. तेवढं संगीत आत्ताच्या आत्ता कमी करा." साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पोट बिघडल्याचं सांगून ते संडासात शिरले आणि आतून कडी घातली. ग्रिबल दार बडवताहेत, "अहो, साठ माणसं खोळंबलीत!" आतून आवाज, "वेंडेलला सांगा, मला हवंय तसं कर म्हणावं!" मी पेन्सिल घेतली आणि बारा मिनिटांत सगळ्यांचे कागद दुरुस्त करून दिले. आमची ओबो वाजवणारी डेल्फीन ग्रिबलना म्हणाली, "हाच लिहितो की सगळं. तुम्हालाच एकट्याला कळायचं राहिलं होतं का?"

दुसऱ्याच दिवशी ग्रिबलनी मला घोड्यांचा एक चित्रपट दिला. अख्ख्या पडद्यावर एकटं नाव येणार, 'संगीत : वेंडेल ट्रूएक्स'. गावाला सांग, चष्मे पुसून ठेवा. साहेबांचा फोन आला, "अभिनंदन! लिहायला कुणाला ठेवलंस?" अशी ही जात! दुसऱ्याच्या जिवावर मोठं व्हायचं आणि सगळं जग आपल्यासारखंच समजायचं. मी फोन आपटला. माझ्या संगीतातला सूर न् सूर माझाच असेल.

गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
वेंडेल

ता. क. सोबत एक कोरी टेप पाठवतोय. पाद्रीसाहेबांकडे प्रवचनं भरून ठेवायचं यंत्र आहे ना, ते एका दुपारपुरतं मागून आण. पीच बरण्यांत भरताना तू तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत असतेस, तेच दीड-दोन मिनिटं भर. घोडे डोळ्यांसमोर आणलेस तर उत्तम. तीन आठवडे बसलोय आत्या, एक ओळ सुचत नाही. पुढचं सगळं मी करतो.

आणखी एक. टेप सोमवारपर्यंत मिळायला हवी, आणि पाद्रीबाईंना यातलं काही कळता कामा नये. तुझं नाव पडद्यावर येणार नाही, हे तू समजून घेशीलच. या धंद्यात तशी पद्धत नाही.