रंभाबाईंच्या हातचं दूध

३ मार्च १९७६, वाडी
आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! नागपुरात नुसती खोली शोधत होतो, इथं घरच मिळालं. बाहेर अमरावती रोडवर दिवसभर ट्रक अन् गोदामांचा गलबला, आत मात्र गारवा. घरमालकीण रंभाबाई एकट्याच राहतात. नवरा महादेवराव हृदयाच्या दुखण्यानं गेले, मागोमाग मुलगा वसंत. तोही फार्मसीलाच होता म्हणे. मी मोठ्यानं घोकतो हे ऐकून त्यांचे डोळेच भरून आले. घसा बसू नये म्हणून रोज ज्येष्ठमध घालून दूध देणार आहेत. हिंगणघाटला आईनंही एवढे लाड केले नाहीत.

११ मार्च
औषधांचे दुष्परिणाम सुरू केले. आमच्या वर्गाची एक मजाच आहे, जो धडा वाचावा तेच दुखणं अंगाला लागतं. स्ट्रेप्टोमायसिन वाचून रुपराव दोन दिवस बहिरा होता. क्विनीन घोकलं तर माझ्या कानात शिट्ट्या. सर म्हणाले, असे पेशंट आम्ही दरवर्षी पास करतो.

१९ मार्च
जेवण जात नाही, मळमळून राहिलं. कॉलेजात सांगितलं तर रुपरावनं विचारलं, आज कोणता धडा? सगळे हसले, मीही हसलो. रंभाबाईंनी समोर उभं राहून दूध संपवायला लावलं. वसंतही परीक्षेआधी असाच सुकला होता म्हणाल्या.

२६ मार्च
दही पिवळं दिसतं. धुतलेला शर्ट पिवळा. नाडी फार मंद लागते. वसंतालाही सगळं पिवळं दिसायचं, रंभाबाई सहज बोलून गेल्या. कोणत्या धड्यातलं आहे हे? आठवत नाही.

२७ मार्च
हृदयाच्या औषधांचा धडा आज पहिल्यांदा उघडला. डिजॉक्सिन. मळमळ, मंद नाडी, पिवळं दिसणं. खाली सावधगिरी – ज्येष्ठमधानं अपाय वाढतो.
धडा आज वाचला. पिवळं काल दिसलं.

२८ मार्च
विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. महादेवरावांच्या गोळ्यांची बाटली आणून दाखवली, मेडिकलवाला अजून जुन्या चिठ्ठीवर देतो. अभ्यासानं पोरांचं काळीज थकतं, म्हणून दुधात कुटून घालतात. मी ओरडलो, यानंच वसंत गेला! त्यांनी डोळ्याला पदर लावला. वाटलं, समजलं त्यांना. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या,
"वसंताले अर्धीच देत होती, बेटा. पुरली नाही. तुले कमी पडू देईन का?"

२९ मार्च
दूध सांडलं. निघालो – उंबऱ्यातच पडलो. त्यांनीच उचलून खाटेवर टाकलं. पाणीही कडू लागतं आता. हाका मारतो, ट्रकांच्या आवाजात कोण ऐकणार –

३० मार्च
रुपराव आला! देवासारखा आला. सगळं सांगितलं – गोळ्या, दूध, पिवळं –
त्यानं उशाशी उघडं पुस्तक पाहिलं. डिजॉक्सिनचं पान. पोट धरून हसला. म्हणाला,
"लेका, तुझा तर धडा पुरा पाठ झाला!"
रंभाबाईही हसल्या. त्याला चहा दिला. दारापर्यंत पोचवून आल्या. कडी –

३१
अक्षरं पिवळी – नाडी एक लागते – मग लागतच –
स्वयंपाकघरात खल वाजतो. जास्त वेळ वाजतो आज –
थांबला.
रुपराव, हा धडा नाही रे, हा –