बॅटरीला पाजलेली गंगा

आप्पांस,

आज खंडेनवमी. आई हळदकुंकू घेऊन नव्या बॅटरीपाशी बसली आणि मी तिचा हात धरला. "नुसतं बोट लावते गं. पूजा चुकली तर त्यांना काय वाटेल?" तुम्ही जाऊन इतके महिने झाले, तरी ती तुम्हालाच घाबरते! म्हणून लिहितेय.

जन्मभर भातगिरणी चालवलीत. यंत्रातलं तुम्हाला कोण सांगणार? घरातली पहिली पदवीधर असले म्हणून मी तर नाहीच! वीज गेली की माझा कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या त्या एका बॅटरीवर चाले. मी बजावलं होतं, "आप्पा, पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच घालायचं. दुसऱ्या पाण्यातल्या क्षारांनी बॅटरी मरते. बाटली खाली ठेवलीय."

"शुद्ध काय ते आता तू सांगनार? चार बुकं काय शिकलीस!"

गेल्या खंडेनवमीला मी विचुंब्याला गेले होते. तुम्ही काशीहून आणलेल्या गडूचं सील फोडलंत आणि सगळी गंगा बॅटरीत ओतलीत. भक्ती होती, की मला धडा शिकवायचा होता? आता तरी सांगा!

सुमन आठवते? नेऱ्याहून माझ्याकडे टायपिंग शिकायला यायची. नोकरी लागली नाही तर तुळशीच्या लग्नानंतर हिला उजवायची, असं तिच्या बापाने ठरवलं होतं. त्या खंडेनवमीनंतर थोड्याच दिवसांत एक वकीलबाई तिचं काम बघायला आपल्या घरी आल्या. सुमनने दोन ओळी टाइप केल्या आणि वीज गेली. इन्व्हर्टर चिरकला, पडदा काळा झाला. बाई थोडं थांबल्या, मग उठल्या. त्यांना दुसरीकडे एक मुलगी बघायची होती. तीच ठेवली त्यांनी.

तुम्ही दारात उभे होतात. "लाव की दिवा, मास्तरीणबाई!" मी बॅटरीची झाकणं उघडायला लागले, तर हसलात. "गंगा घातलीय मी. तुझ्या बाटलीपेक्षा शुद्ध हाय."

सुमन ऐकत होती. लग्नात तिने मुंडावळ्यांआडून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. शेवटी आईला म्हणालात, "गंगा घाल तोंडात." तिने गडू उलटा केला. कोरडा! "आता काय घालू गं?" ती रडायला लागली.

मी इन्व्हर्टरखालची बाटली आणली. चमचा तुमच्या ओठांशी धरला. "घ्या आप्पा. शुद्ध हाय."

तुम्ही बाटली ओळखलीत आणि ओठ मिटून घेतलेत. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. आईने पदराने पुसलं. तसेच कोरडे गेलात. मला वाईट वाटायला हवं होतं ना? अजून वाटलेलं नाही.

आता सुमनची धाकटी बहीण येते. तिच्यासमोर पडदा काळा होऊ देणार नाही. बॅटरीवर फूल ठेवीन, आत थेंबही चुकीचा जाणार नाही. आणि तुमचा गडू? तो बॅटरीशेजारी उपडा ठेवलाय. आई म्हणते, काशीला कुणी निघालं तर भरून आणू. नाही भरणार, आप्पा. शब्द देते.

तुमची,
मास्तरीणबाई