थिएटरच्या दाराची काच

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबा दोन घास जेवतात. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. वहिनीचा गुडघा काय म्हणतो? तुला वेळेत विमान मिळालं नाही, त्याबद्दल बाबा एका शब्दाने बोलत नाहीत.

फोनवर तू सारखं विचारतोस, "शेवटी आई काय म्हणाली?" आणि मी सारखी वहिनीच्या गुडघ्यावर जाते. फोनवर नाही जमत रे.

आईला माझं काम कधी पटलंच नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये लेसर चालू करण्याआधी आतल्या सगळ्यांना चष्मे द्यायचे आणि दाराच्या काचेवर काळा पडदा ओढायचा. किरण काचेतून आरपार जातो, बाहेरून जाणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो. ती म्हणायची, "एवढी शिकलीस आणि हॉस्पिटलात जाऊन पडदेच ओढतेस होय गं?" तेव्हापासून मी घरात पडदेवाली.

तिच्या श्वासनलिकेतली गाठ लेसरनेच जाळायची होती. घरचं माणूस टेबलावर असलं की आम्हाला आत घेत नाहीत. ती फार घाबरली होती. म्हणाली, "मला झोप लागेपर्यंत त्या काचेत दिसत राहा. मग ओढ काय ते तुझे पडदे." मी हो म्हटलं.

मी काचेशी उभी राहिले. आतल्या नव्या सिस्टरने लेसर तपासायला त्याची किल्ली फिरवली, आणि पडदा वरच! माझ्यामागे व्हरांड्यात माणसांची ये-जा चाललेली. मी काच ठोठावली, हाताने खूण केली, ओढ, ओढ खाली. जित्याची खोड, दुसरं काय.

आई माझ्याकडेच बघत होती. तिला वाटलं मी अच्छा करतेय. तिने सलाइनचा हात उचलून हलवला. पडदा खाली आला तेव्हा ती टक्क जागी होती.

रक्त थांबलंच नाही, ते तुला ठाऊक आहे. ती काही म्हणाली नाही, दादा. मी नियमाने वागले असं सगळे म्हणतात. वागलेच. पण रडू थांबत नाही.

कामावर जाते आहे. आता किल्ली माझ्याच खिशात असते. पेशंटला झोप लागल्याशिवाय कोणाला देत नाही. डॉक्टर कुरकुरतात, कुरकुरू देत.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते सकाळपासून थिएटरच्या दारापर्यंत तिचा हात धरून होते. शेवटी तिला दिसायला हवे होतो आणि दिसलो नाही असे आपण दोघंच, म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
पडदेवाली