पान सव्वीसच्या पुढे

मी, अर्जुना बापू कोळेकर, वय वर्षे ७४, मूळ गाव तालुका कवठे महांकाळ, सध्या राहणार सांगली, धंदा कादंबरीलेखन (वकिलांनी इथे 'सेवानिवृत्त शिक्षक' असे टाइप केले होते, ते मी स्वतःच्या हाताने खोडले आहे), आज रोजी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि दुसरा चहा घेऊन झाल्यावर करीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी विचारले, "दिवसभर काय करता?" मी म्हणालो, "तीस वर्षं लोकांच्या पुस्तकांवर लिहिलं." "वाचून?" असे त्यांनी विचारले नाही, म्हणून दाखला मिळाला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या तिसऱ्या कादंबरीला एका मित्राने ते नाव ठेवले होते, ते कायद्याने धरू नये.

१. सांगलीतले माझे स्वकष्टार्जित राहते घर, माळ्यासह, माझी पत्नी सौ. रंगुबाई हिला माझ्या मागे पूर्ण मालकी हक्काने मिळावे. माळ्यावर माझ्या तीन कादंबऱ्यांच्या मिळून दोनशे अकरा प्रती आहेत. त्या घराचाच भाग समजाव्यात, कारण त्या काढल्या तर पत्र्याला खालून आधार राहणार नाही.

२. मूळ गावची वडिलार्जित दीड एकर जमीन, जिच्यावर आमच्या वाडवडिलांची मेंढरे बसली आणि आता शाळू पिकतो, ती माझा पुतण्या पप्पू याला मिळावी. पप्पूने मला एकदा तोंडावर सांगितले, "काका, मी काय वाचत न्हाई. लोक म्हणत्यात तुमी चांगलं लिवता, म्हणून मी बी म्हणतो." पप्पूचे म्हणणे मी तीस वर्षे चालवलेल्या पद्धतीपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो निदान कबूल करतो.

३. बँकेतली शिल्लक माझी मुलगी अपेक्षा हिला मिळावी. ती सातारला असते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. आता ज्या धंद्याने मला नाव दिले त्याविषयी. १९९१ साली माझी पहिली कादंबरी आली. ती घेऊन मी सांगलीतल्या एका दैनिकाच्या संपादकांकडे गेलो. त्यांनी पुस्तक तळहातावर तोलले आणि म्हणाले, "कोळेकर, कादंबरीचं बघू. पण रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम मोकळा राहतो. भरता का?" मी तेव्हा आष्ट्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो, लाल शाईची सवय होती. 'चाळणी' नावाचे ते सदर अठ्ठावीस वर्षे चालले. माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांचे परीक्षण त्या पुरवणीत कधीच आले नाही, कारण परीक्षक मीच होतो.

हळदीच्या सौद्यात एकदा एका अडत्याने मला हाक मारली. "तुमी चाळणीवालं कोळेकर न्हवं? परवा त्या कवीला काय सोलला तुमी!" मी विचारले, "माझी कादंबरी वाचलीत का?" तो म्हणाला, "आवं, तुमी कादंबरी बी लिवता?"

५. सत्कारात मिळालेल्या शाली, एकूण त्रेपन्न. यांपैकी बऱ्याच शाली एकमेकांच्या सत्कारात फिरून परत आलेल्या आहेत. त्या मेंढरांमागे फिरणाऱ्या आमच्या भावकीत वाटाव्यात. पातळ आहेत, पण अंगावर घेणारा माणूस खरा थंडीत उभा असेल.

६. लिहिलेल्या प्रस्तावना, एकूण चौसष्ट. त्या परत घेता येत नाहीत असे वकील म्हणतात. म्हणून ज्या लेखकांना मी फसवले त्यांच्यासाठी अर्थ देऊन ठेवतो. 'दखलपात्र' म्हणजे मुखपृष्ठ पाहिले. 'मातीचा गंध' म्हणजे लेखक खेड्यातला आहे एवढे कळले. 'आशय गहन आहे' म्हणजे समजले नाही. 'संयत लेखन' म्हणजे दुपारी वाचत होतो, डोळा लागला. 'पुढील लेखनाबद्दल अपेक्षा वाढवणारे' म्हणजे कृपा करून पुन्हा लिहू नका.

७. आता मुख्य गोष्ट. माझ्या वकील शिवांजली यांनी विरोध नोंदवला आहे. "सर, हे मृत्युपत्रात येत नाही. मृत्युपत्रात मालमत्ता येते." मी त्यांना म्हणालो, दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे राहिली असेल तर ती येते ना? त्यावर त्यांनी हे कलम टाइप करायला घेतले.

२००९ साली आष्ट्याच्या पुढच्या एका गावातल्या संयोगिता नावाच्या बाईंची कादंबरी परीक्षणासाठी आली. 'अठ्ठावीस दिवसांची रजा'. बाईंचा नवरा पलटणीत हवालदार. कादंबरीत एक बायको नवऱ्याच्या रजेची वाट पाहते. पाने एकशे चौऱ्याऐंशी. मी सव्वीस वाचली. शनिवार होता, मजकूर द्यायचा होता, आणि मला एक वाक्य सुचले होते. वाक्य सुचले की परीक्षकाला पुस्तकाची गरज राहत नाही. मी लिहिले: "शीर्षकातली रजा शेवटपर्यंत मंजूर होत नाही, नवरा घरी येत नाही आणि वाचकाची सुटका होत नाही."

हे वाक्य लोकांनी एकमेकांना सांगितले. साताऱ्याच्या एका संमेलनात तर दुसऱ्याच वक्त्याने ते स्वतःचे म्हणून वापरले. मला अभिमान वाटला.

पुढे बाईंचे पत्र आले, 'मा. संपादक' यांच्या नावे. पुरवणीचे टपाल मीच पाहत असे. नाराज लेखकांची पत्रे मी उघडत नसे. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत असे. अशी सदतीस जमली होती.

८. २०२३ साली माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर वाचायचे नाही. मी घरात येरझाऱ्या घालू लागलो. तेव्हा रंगुबाई म्हणाली, "बसा गप. मी वाचते." तिचे शिक्षण चौथीपर्यंत. माझी एकही कादंबरी तिने वाचलेली नव्हती. तिने कपाटातून पुस्तक काढले ते आतला मजकूर पाहून नव्हे. मुखपृष्ठावर पत्र्याची ट्रंक होती, आणि तिचा भाऊ तशी ट्रंक घेऊन भरतीला गेला होता.

नाव ऐकून मी म्हणालो, "ते ठेव. त्यात काही नाही. तो नवरा शेवटपर्यंत येत नाही."

"तुमी गप्प ऐका," ती म्हणाली.

ती अक्षर लावून लावून वाचत होती. तीन दुपारी झाल्या. चौथ्या दुपारी ती एकदम थांबली.

"आवं, आला की ह्यो!"

"कोण?"

"नवरा! तुमी तर म्हणाला येत न्हाई."

"कितवं पान?"

"एकतीस."

मी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसलो होतो. माझा चेहरा अर्धा झाकलेला होता याचे मला त्या वेळी बरे वाटले.

पुढच्या बारा दुपारी तिने ते पुस्तक संपवले. मला सांगायला हवे की पुस्तक चांगले आहे. नवरा येतो आणि अठ्ठावीस दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरतो. बायकोला कळत जाते की ती वाट पाहत होती तो माणूस दुसराच होता. शेवटचे पान वाचून रंगुबाईने डोळे पुसले आणि विचारले, "ह्या बाईचं दुसरं पुस्तक कुठं हाय?"

"नाही."

"का न्हाई?"

मी सांगितले. सगळे सांगितले, डब्यासकट. तिने डबा काढला, पत्र शोधले, उघडले आणि मला वाचून दाखवले. नंतर दोन दिवस तिने मला ताट वाढले, पण शब्द वाढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पट्टी निघाली की जायाचं."

९. आम्ही एसटीने गेलो. संयोगिताबाईंची उसाची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे मांडलेले, आणि बाई पाट्यांवर खडूने वाणांची नावे लिहीत होत्या. मी एसटीत वाक्य तयार केले होते. म्हणालो, "आपल्या कृतीबाबत घडलेल्या प्रमादाबद्दल मी खेद व्यक्त करतो."

त्यांनी खडू खाली ठेवला. "सर, रोपं किती हवीत?"

तेव्हा रंगुबाई पुढे झाली. "बाई, ह्यांनी तुमचं पुस्तक वाचलंच न्हवतं. मी वाचलं. ती सासू रातच्याला न्हवं, भर दुपारी, कुणी न्हाई बघून ट्रंक उघडती आन् पोराच्या कपड्याचा वास घेती, तिथं मला पुस्तक मिटावं लागलं. तुमाला कसं ओ ठावं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग दोन घमेली पालथी घातली आणि दोघी त्यांवर बसल्या. मला ताकाचा पेला आणि खताच्या पोत्यावर जागा मिळाली. दीड तास त्या पुस्तकावर बोलत होत्या. रंगुबाईने एका ठिकाणी चूक काढली, नणंद फार लवकर बदलते म्हणून. बाईंनी ती मान्य केली. अठ्ठावीस वर्षे सदर चालवून असे परीक्षण माझ्या हातून झालेले नाही.

मग मला कळले ते सांगतो. बाईंचे सासरे लालासाहेब यांना वाचता जेमतेम येई. पेपरात सुनेचे नाव आले एवढे त्यांना दिसले. त्यांनी कात्रण कापले आणि दूध डेअरीच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने चिकटवले. रोज सकाळी दूध घालायला आले की फळ्यापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या सूनबाईचं हाय." लोक वाचत आणि हसत. त्यांना वाटे, कौतुकाने हसतात. चौथ्या दिवशी कुणीतरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी नखाने खरवडून कागद काढला, घरी आले आणि सुनेला म्हणाले, "पोरी, चूक माझी झाली. मला वाचाय येत असतं तर लावलं नसतं."

"तुम्ही पुन्हा का लिहिलं नाही?" मी विचारले.

"लिवाय बसलं की मामा फळ्यापाशी उभं असल्यालं दिसायचं," बाई म्हणाल्या.

सासरे आता नाहीत.

मी म्हणालो, पुस्तक माझ्या खर्चाने पुन्हा छापू, प्रस्तावना मी लिहितो. बाई म्हणाल्या, "प्रस्तावना नको. छापायचं का नाही ते माझं मी बघीन."

"मग मी काय करू?"

"माझं पत्र छापायचं होतं ते छापा."

१०. मी दैनिकाच्या कचेरीत गेलो. आताचे संपादक तरुण आणि नम्र आहेत. म्हणाले, "सर, पुरवणी बंद होऊन चार वर्षं झाली. आणि चौदा वर्षांपूर्वीची दुरुस्ती म्हणजे... त्यात बातमी काय?" मी म्हणालो, बातमी अशी की नवरा आला. ते हसले. मोबाइलवर टाकू म्हणाले, तेही टाकले नाही.

दरम्यान मी डब्यातली बाकीची छत्तीस पत्रे उघडली. जे लेखक हयात आहेत त्यांना उत्तरे लिहिली. एकानेच पोच दिली: "आपले पत्र दखलपात्र आहे."

रंगुबाईला वाचनाची गोडी लागली. परवा तिने माझी पहिली कादंबरी हातात घेतली. चाळिसाव्या पानावर चष्मा काढला आणि म्हणाली, "तुमचं लय लांबतंय ओ." माझ्या कादंबरीचे हे पहिले आणि एकमेव परीक्षण. ते निदान चाळीस पाने वाचून केलेले असल्यामुळे मला अमान्य करता येत नाही.

११. म्हणून पत्र इथे येते. शिवांजली वकील म्हणाल्या, "सर, नोंदणी कार्यालयात हे कोण वाचणार?" कुणी वाचो न वाचो, तिथे प्रत्येक पानावर सही घेतात आणि शिक्का मारतात. एकही पान सोडता येत नाही. अशा जागी माझा मजकूर पहिल्यांदाच जात आहे. अपेक्षाने माझ्या मागे या कलमाच्या प्रती काढून एक दैनिकाला, एक आष्ट्याच्या वाचनालयाला आणि एक, बाईंची परवानगी घेऊन, गावच्या डेअरीला द्यावी. मूळ पत्र, जे माझ्याकडे असायला नको होते, ते मी बाईंना हातोहात परत केले आहे. त्यातला मजकूर पुढीलप्रमाणे. त्यावर मी काहीही टिप्पणी करणार नाही.

"मा. संपादक यांस,

सा. न. वि. वि. माझ्या 'अठ्ठावीस दिवसांची रजा' या पुस्तकाचे परीक्षण आपल्या पेपरात आले, त्याबद्दल आभारी आहे. परीक्षकांना पुस्तक आवडले नाही, तो त्यांचा हक्क आहे. परंतु नवरा घरी येत नाही असे छापले आहे ते बरोबर नाही. तो पान ३१ वर दुपारच्या गाडीने येतो आणि पुस्तक संपेपर्यंत घरातच आहे. तरी एवढी दुरुस्ती छापावी. आमच्या गावात हे पुस्तक तीन बायकांनी वाचले आहे. पेपर वाचल्यापासून त्या मला विचारतात, की नवरा आलाच नव्हता, तर मग अठ्ठावीस दिवस घरात राहून गेला तो कोण? त्यांना मी काय उत्तर द्यावे ते कळवावे.

आपली, संयोगिता"

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, सगळी पाने वाचली, आणि साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही केली.

अर्जुना बापू कोळेकर (सही)

साक्षीदार :
१. नाथाजी शेळके, सेवानिवृत्त शिक्षक, आष्टा (सही)
२. शालूबाई खरात, शेजारीण (सही)

स्थळ : सांगली
दिनांक : १४ जुलै २०२५