कुंकू आणि गॅसमीटर

२३ ऑक्टोबर २०१२, मंगळवार. खंडेनवमी

काय करून बसलो! खड्ड्यातला विषारी गॅस दाखवणारं गॅसमीटर मीच पुसून पाटावर मांडलं. पाने, हातोडे, वेल्डिंगचं मशीन — सगळ्यांची पूजा, मग ह्याचीच का न्हाई? बापूसाहेब मालकांनी दरसालसारखं स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. मीटर नवं, म्हणून त्याला जरा जास्तच. ओलं, दाट. नेमकं समोरच्या भोकांवर! त्या भोकांतूनच तर ते हवा घेतं. मी आ वासून बघत राहिलो. पूजेत मालकांना कोण टोकणार?

२५ ऑक्टोबर

काल दसरा, तेलगिरणी बंद. आज तपासणीच्या शिशीतला गॅस मीटरवर सोडून बघितला. दर वापराआधी बघायचं, आमच्या मॅनेजर यज्ञेश साहेबांनीच शिकवलंय. ऑक्सिजनचा आकडा हलला. पण सडक्या अंड्यासारखा वास येतो त्या विषारी गॅसचा आकडा, शिशीत तो असूनसुद्धा, शून्यावरून हलेना. पुसलं, फुंकलं. शून्य! टाचणी घालावी तर आतला पडदा फाटतो.

सोयाबीनचा सीझन तोंडावर आलाय. त्याआधी गिरणीचा सांडपाण्याचा खड्डा साफ व्हायलाच पाहिजे. आत उतरणार जिलानी. मी वरून मीटर सोडून बघायचं अन् "उतर" म्हणायचं. मी म्हटल्याबिगर तो शिडीवर पाय ठेवत न्हाई.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "मला कळत नाही का, संगप्पा? पण मालकांना सांगायचं कोणी — तुमच्या पूजेनं मीटर बिघडलं म्हणून? सीझनच्या तोंडावर? अपशकुन म्हणतील!" मग हळूच म्हणाले, "शून्यच दाखवतंय ना? मग झालं."

अहो, त्या शून्याचीच तर भीती आहे!

२६ ऑक्टोबर

"उतर" म्हटलं न्हाई. जिलानी लई चिडला. "वास आला की येतो की वर! नाक हाय ना मला?" म्हटलं, बाबा रे, हा गॅस जास्त झाला की नाकच मरतं, वास यायचाच बंद होतो. तर हसला. "तुला भूकंपापासनं सगळीकडं मरणच दिसून राहिलं."

खरंच आहे ते. त्र्याण्णवला माळवदाखाली सापडलो, ऊन वर आल्यावर लोकांनी उकरून काढलं. तोंडात माती. तवापासून लिफ्टमध्ये पाय टाकत न्हाई. संडासालासुद्धा कडी लावत न्हाई. खड्ड्यात उतरणं ह्या जन्मात होणार न्हाई माझ्याच्यानं. म्हणून तर हे वरचं काम धरून बसलो.

२७ ऑक्टोबर

साहेब म्हणाले, "उद्या उतर म्हणा, नाहीतर परवापासून येऊ नका. म्हणणारा दुसरा मिळेल."

मिळेलच की! मी गेलो तर तो दुसरा जिलानीला खाली घालणार. राहिलो तर मी घालणार. अन् माझ्यासारख्याला नांदेडात दुसरं काम कोण देतंय? श्रद्धा लातूरला क्लासला आहे. पोरगी डॉक्टर होणार म्हणून सगळ्या गल्लीत सांगून बसलोय. नोकरी गेली तर तिला होस्टेलातून परत आणू? कोणत्या तोंडानं?

डोकं भणभणून राहिलंय. उद्या म्हणून टाकतो "उतर". काय व्हायचं ते होऊ दे.

२८ ऑक्टोबर, रविवार

जिलानीनं पट्टा बांधला. मी मीटर दोरीनं सोडलं — वर, मध्ये, तळाशी. शून्य. शून्य. शून्य. सगळे माझ्या तोंडाकडं. "बोल की, संगप्पा!" "उतर" म्हणायला तोंड उघडलं. एकदम काय झालं कोण जाणे — खड्ड्याचं झाकण ओढलं अन् त्याच्यावर बसलो! जिलानीनं दंडाला धरून ओढलं, शिव्या घातल्या. साहेब पांढरेफटक. पण उठलो न्हाई.

मालक आले. "काय तमाशा लावलाय?" शेवटी मीच बोललो. "मालक, खंडेनवमीचं कुंकू भोकात बसलंय. मीटर आंधळं झालंय."

मालक सगळ्यांवरच उखडले — "मग देवापुढं ठेवलं कशाला, गाढवांनो! अन् इतके दिवस एकाला जीभ न्हाई?"

शेजारच्या गिरणीतून मीटर आणलं. आधी शिशीवर तपासलं, मग खड्ड्यात सोडलं. निम्म्यातच बोंबलायला लागलं! तांबडा दिवा! जिलानी मटकन खाली बसला. पट्टा सुटेना त्याला. मी सोडला.

मालक म्हणाले, "संगप्पा, वरची जागा तुझीच." नोकरी वाचली! येताना पेढे घेतले.

२९ ऑक्टोबर

श्रद्धाला फोन लावला, सगळं सांगावं म्हणून. बोलूच देईना. नुसती रडत होती. "अप्पा, मला न्या इथनं. दिवाळीपुरतं न्हाई, कायमचं. श्वास कोंडतो माझा ह्या खोलीत. तुम्ही माझ्या फीपायी नोकरीला एवढं धरून बसलात, म्हणून बोलले न्हाई."

ह्या क्लासापायी मी काल जिलानीला मारणार होतो.

सामान बांध म्हटलं. लातूरची बस धरतो.