सुजेवरची गोळी

१२ नोव्हेंबर

हार्ट अटॅक! वहाबला! माझ्या नवऱ्याला — जो सागवानी दरवाजा एकट्याने खांद्यावर घेतो. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद. उद्या अँजिओप्लास्टी. लेकीला, नमिराला, तिच्या फुफीकडे, वहाबच्या बहिणीकडे सोडलं. अक्षर वेडंवाकडं येतंय.

१३ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. जाळी बसवताना नळीला आतून इजा होते, सूज येते. सूज फार राहिली तर पुढे पुन्हा त्रास होऊ शकतो. ती कमी करायच्या गोळीचा अभ्यास चालू आहे. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, आत औषधच नाही. कोणाला कोणती — डॉक्टरांनाही माहीत नसतं! बाकीची औषधं सगळ्यांना सारखीच. "जबरदस्ती नाही," म्हणाले.

मी नको म्हणणार होते. तोवर वहाबने सहीसुद्धा केली. शेजारच्या खाटेवरच्या छगनभाऊंनीही. धानोऱ्याचे शेतकरी, त्यांचीही अँजिओप्लास्टी आजच, वहाबच्या मागोमाग.

वहाबला आत नेताना छगनभाऊंनी त्याचा हात धरला. "भाऊ, घाबरू नको. तुन्हा मांगे मी शेच."

बाहेर उभी राहून ओढणीचं टोक चावत होते. जाळी बसली. दोघांचीही. या अल्ला, शुक्र आहे!

१६ नोव्हेंबर

वहाबचं पोट बिघडलं. वॉर्डात कोणीतरी बोललं, खऱ्या गोळीने पोट बिघडतं. वहाब खूश! छगनभाऊंचं तोंड उतरलं. "मन्ही खोटी निंघनी."

डॉक्टर दोघांवर ओरडले — पोट कशानेही बिघडतं, त्यावरून काही ठरवायचं नाही. कोण ऐकतंय!

२० नोव्हेंबर

घरी आलो.

२९ नोव्हेंबर

वहाब पुन्हा धानोऱ्याला. लाकूड बघायला म्हणे! डॉक्टरांनी काम बंद सांगितलंय ना? विचारलं तर चिडला. काहीतरी लपवतोय.

४ डिसेंबर

दुपारी कौसाबाईंचा फोन. छगनभाऊंच्या बायकोचा. रडत होत्या. "ताई, यास्ले उलट्या थांबी नही ऱ्हायन्यात. तुमना मालकनी दियेल गोळी बी खाई ऱ्हायनात."

कुठली गोळी? मी वहाबकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

अभ्यासातली गोळी एक दिवस स्वतः घ्यायची, दुसऱ्या दिवशीची छगनभाऊंना नेऊन द्यायची! आणि छगनभाऊ स्वतःचीही खात होते, वर ही पण.

"वो रोता था, नईमा. बोलता था, तू बचेगा, मैं मरूंगा."

कौसाबाईंना म्हटलं, गाडी करा, निघा. उलटीबरोबर रक्त पातळ ठेवायची गोळीही पडत असणार. ती पोटात टिकली नाही तर जाळीत रक्ताची गाठ धरू शकते — डॉक्टरांनी कितीदा बजावलंय.

डॉक्टरांना फोन लावायला घेतला तर वहाबने मनगट धरलं. "मत बोल. दोनों को निकाल देंगे."

हात सोडवला. सगळं सांगितलं.

५ डिसेंबर

छगनभाऊ पुन्हा हॉस्पिटलात. सलाइन चालू. सुजेवरची गोळी बंद केली. अजून डोळे नीट उघडत नाहीत.

डॉक्टरांनी वहाबला एवढंच विचारलं — "मित्राला काय खायला घालत होतात, माहीत होतं का तुम्हाला?" वहाब भिंतीला टेकून खाली बसला. कोणाची गोळी कोणती, हे आता उघडावं लागणार म्हणे.

कौसाबाई माझ्याशेजारीच बसून होत्या. माझ्या नवऱ्याने त्यांच्या नवऱ्याला इथे आणून टाकलं — त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी फडक्यातली ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकर मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

६ डिसेंबर

उलट्या थांबल्या! छगनभाऊंनी डोळे उघडले, वहाबला बघितलं. पहिला प्रश्न — "तू आज गोळी खाधी का?"

वहाब बाहेर निघून गेला. मी मागे गेले नाही.

८ डिसेंबर

कळलं. छगनभाऊंची गोळी पहिल्यापासून खरी होती. त्यांना बाधली ती त्यांचीच. पोकळ होती ती वहाबची.

म्हणजे सुजेवरचं औषध वहाबच्या पोटात गेलंच नाही. एकदाही नाही. रक्त तपासलं — सूज अजून आहे. डॉक्टरांनी आता अभ्यासाबाहेर खरी लिहून दिली.

घरी आल्यावर त्याच्या हातावर ठेवली. मला वाटलं, हसेल. तो गोळीकडे बघत राहिला.

"नईमा," म्हणाला, "मेरेको डर लगता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे कबूल केलं.