निवळलीस का?

टिटवाळा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. तुझी शुगर आटोक्यात असेल अशी आशा करते. वहिनींच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का? प्रियांकाच्या लग्नाचा हॉल डोंबिवलीत मिळाला हे कळलं, बरं झालं, दोन्हीकडच्या लोकांना सोयीचा आहे. आमच्या समोर आणखी एक बिल्डिंग चढतेय, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. त्याच टेबलावर बसून हे लिहितेय. लॅबला आज सुट्टी आहे. आठवडाभर लोकांच्या दंडात सुया खुपसते, रविवारी लेखणी.

झाली विचारपूस. आता मुद्द्यावर येते, कारण तूही तुझ्या मेसेजमध्ये जयभीम घालायला विसरला होतास.

तू लिहिलंस, "माझ्या चष्म्याच्या घराखाली असलं घाण पुस्तक सापडतं. प्रियांकाने आणलं असणार. पहिलं पान वाचलं आणि ओकारी आली. नाव कुणा जागृतीचं आहे, पण लिहिणारी तू आहेस हे मला कळलंय. पुढच्या रविवारी मामा आणि चौघे जण येतील. कागदावर सहीनिशी माफी लिहून दे, पुन्हा असलं लिहिणार नाही म्हणून. मी बैठकीत वाचून दाखवीन. नाहीतर लग्नाला येऊ नकोस." सोबत एका पानाचा फोटो, आणि मी उत्तर टाइप करेपर्यंत मला ब्लॉक. ही तुझी जुनीच पद्धत. बोलायचं आणि दार लावून घ्यायचं. म्हणून हा कागद. पत्राला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं.

दादा, पहिलं पान वाचून तुला ओकारी आली ना? पहिल्या पानावर एक बाई गच्चीवर चादरी वाळत घालते. बस. चादरी, चिमटे आणि शेजारणीशी पाण्याच्या टँकरवरून भांडण. चादरींनी कुणाला ओकारी येते?

आणि लिहिणारी मीच, हे तुला कशावरून कळलं तेही मी सांगते. "निवळली" या शब्दावरून. फोटो त्याच पानाचा पाठवलास तू. तो शब्द त्या अर्थाने पुस्तकात एकदाच आलाय, सातव्या गोष्टीत, अगदी शेवटाकडे. म्हणजे ओकाऱ्या देत देत साहेब सहा गोष्टी पार करून सातवीच्या टोकापर्यंत पोचले. वाचलंस याचा मला राग नाही. खरं तर आनंदच झाला. वाचूनही वाचलं नाही असं दाखवलंस, त्याचा संताप आहे.

शहाडच्या आपल्या चाळीबाहेर तो शब्द त्या अर्थाने मी कुठेच ऐकलेला नाही. नदीचं गढूळ पाणी यायचं, बायका हंड्यात तुरटी फिरवायच्या आणि पाणी निवळायची वाट बघायच्या. त्यावरूनच कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असणार. सकाळी नळावर एकमेकींना हळूच विचारायच्या, "काय गं, निवळलीस का?" मग हसणं. आणि तू आठ वर्षांचा, शहाणा मुलगा, तुला वाटलं की मोठ्यांना सकाळी असंच विचारायचं असतं. गेलास आणि भरल्या नळावर हात जोडून म्हणालास, "ठमामावशी, निवळलात का?" ठमाबाईंनी तुझ्या कानाखाली जाळ काढला, आणि मग सगळ्या बायका इतक्या हसल्या की हंडे भरून वाहिले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आईने मला हे पुढे इतक्या वेळा सांगितलं की मला ते बघितल्यासारखं वाटतं. तू रडत घरी आलास तेव्हा तिने तुला सांगितलं, "पाणी निवळतं ना बाळा, तसंच." तिने खोटं नाही सांगितलं. पुढचं नाही सांगितलं, एवढंच.

"आईच्या शब्दाला तू बाजारात बसवलंस," असंही तू मेसेजमध्ये लिहिलंयस. हे वाक्य वाचल्यावर मी उठून दोन ग्लास पाणी प्यायले.

आईचा तुला एवढा पुळका आहे ना, मग ऐक. आम्ही दोघी इथे राहायला आलो तेव्हा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दर रविवारी मी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. सुरुवातीला गाळून वाचायचे. तिला कळायचं. म्हणायची, "मधलं काय खाल्लंस गं?" एकदा एक गोष्ट ऐकून लसूण सोलत राहिली, मग म्हणाली, "ही बाई नुसती डोळे मिटून पडलीय. सगळं तोच करतोय, तोच बोलतोय. तिला काय पाहिजे ते तिला बोलू दे की! तोंड नाही का तिला?" दादा, त्या दिवसापासून माझ्या एकाही गोष्टीत बाई मुकी नाही. ती आधी बोलते. हो म्हणते, नको म्हणते, असं नको, असं कर म्हणते, थांब म्हणते. आणि समोरचा थांबतो. एवढंच आहे त्या पुस्तकात. बायकांना सुख मिळतं आणि त्यासाठी कुणी मरत नाही, कुणी विहिरीत उडी घेत नाही. तुम्हा लोकांना ओकारी शरीराची येत नाही, या न मरणाऱ्या बाईची येते.

शरीराची येत असती तर तुमच्या बिल्डिंगच्या पुरुषांच्या ग्रुपवर आली असती. आई शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात होती तेव्हा तुझा फोन माझ्या हातात होता, डॉक्टरांच्या फोनसाठी. तासाभरात त्यावर काय काय आलं! त्या विनोदांतल्या बाईला नाव नसतं, चेहरा नसतो, नुसते अवयव असतात. त्यावर तुमचे अंगठे, हसून रडणारे चेहरे. तिथे कधी कुणी बैठक बोलावली? तिथे कुणाला लेकीच्या सासऱ्याची लाज वाटली? माझ्या बाईला नाव आहे, नोकरी आहे, गुडघेदुखी आहे आणि इच्छा आहे, तर ती घाण!

आता तुला न आवडणारी बातमी. जागृती हे नाव मी सोडतेय. दुसरी आवृत्ती माझ्या खऱ्या नावाने निघतेय. दोन मार्चला ठाण्यात छोटा कार्यक्रम आहे. पुस्तक काढणारी फियोना, कोलशेतची, माझी मैत्रीण, मला वर्षभर म्हणतेय, "अगं, तुझ्या बायका एवढ्या बिनधास्त आणि तू कायम पडद्यामागे? लाव ना नाव!" मी टाळत होते. कारण तू. कारण प्रियांकाचं लग्न. तुझा मेसेज आला आणि मी तिला होकार कळवला. ते श्रेय तुझं.

प्रियांकाचा फोन आला, तेव्हा हे तिलाही सांगितलं. ओरडली नाही. म्हणाली, "आत्या, लग्न होईपर्यंत थांबता आलं नसतं का गं?" मला फार लागलं ते. तिचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. उद्या टोमणे तिला ऐकावे लागणार, मला नाही. पण दादा, बायकांना कायम कशासाठी तरी थांबवलेलंच असतं. शिक्षण होईपर्यंत, लग्न होईपर्यंत, मुलं मोठी होईपर्यंत, म्हातारे जाईपर्यंत. मी थांबून बघितलंय. पुढे काही येत नाही. तिच्यासाठी लग्नात नेसायची पांढरी साडी घेऊन ठेवलीय, बारीक सोनेरी काठांची. मला बोलावलंत तर घेऊन येईन, नाही तर कुणाच्या तरी हाती पाठवीन. साडीवर राग काढू नकोस.

इथपर्यंत मी जे टाळत आले ते आता लिहिते. तू "बैठक" हा शब्द लिहिला नसतास तर कदाचित लिहिलंही नसतं.

बारा वर्षांपूर्वी तुझ्याच घरात, कल्याणला, बैठक बसली होती. मी नवऱ्याकडे, राजरत्नकडे, परत जाणार नाही म्हणाले म्हणून. सोफ्यावर मामा, खुर्च्यांवर राजरत्नचे तीन भाऊ, मधोमध तू. मी दिवाणाच्या कडेला. मामांनी विचारलं, "जावई दारू पितो का?" नाही. "हात उचलतो का?" नाही. "पगार घरात देतो का?" देतो. "मग तुला त्रास तरी काय आहे?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. आणि मी, कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकलेली मी, गप्प. पाच पुरुषांसमोर उच्चारता येईल असा शब्दच माझ्यापाशी नव्हता. तो शिव्यांत होता, डॉक्टरी पुस्तकांत होता. माझ्या तोंडात बसेल असा नव्हता. तू हसून त्याच्या भावांना म्हणालास, "डोक्यावर थोडा परिणाम झालाय तिच्या, होईल ठीक." तुला आठवत नसेल. मला तुझा शर्टसुद्धा आठवतो.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई भाकऱ्या थापत होती. तिने मागे न बघता विचारलं, "पोरी, निवळलीस का कधी त्याच्यापाशी?" मी हळूच म्हणाले, नाही. सात वर्षांत एकदाही नाही. तो वाईट नव्हता गं, असं काहीतरी मी पुटपुटले, त्याने कधी विचारलंच नाही, आणि मी एकदा सांगायला गेले तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, "हे कुठून शिकलीस" म्हणाला. आईने तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, बाहेर येऊन हातावरचं पीठ झटकत सगळ्यांना म्हणाली, "पोरगी जायची नाही. आम्ही दोघी वेगळ्या राहू." आणि आम्ही टिटवाळ्याला आलो.

मी आईला तुझ्यापासून तोडलं असं तू आजवर सगळ्यांना सांगत आलास. तिने एका शब्दात जे ओळखलं ते तुम्ही पाच जण दोन तास बसून विचारू शकला नाहीत. आता सांग, तो शब्द मी बाजारात बसवला, की तिने मला दिला?

एकच शेवटचं. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. "निवळली" या शब्दाखाली रेघ आहे. हिरव्या पेनाची, पट्टी धरून मारलेली. प्रियांका पुस्तकांत रेघा मारत नाही. तुमच्या घरात हिरव्या पेनाने वह्या तपासणारं माणूस एकच आहे, लाल रेघांनी मुलं घाबरतात म्हणून. मी वहिनींना पुस्तक दिलेलं नाही. लिहिणारी मी आहे हेही त्यांना माहीत नसावं. त्यांनी ते स्वतः विकत घेतलं, वाचलं, आणि लपवलं नाही. तुझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं. ज्या जागी तुझा हात रोज सकाळी जातो, त्या जागी.

दादा, ते पुस्तक तुला सापडलेलं नाही. तुझ्यासाठी ठेवलेलं आहे.

प्रियांकाला बोलू नकोस. माझ्यावर चिडायचं तर चीड. पण आधी वहिनींपाशी जा, आवाज न चढवता बस, आणि आयुष्यात एकदा विचार. आठ वर्षांचा असताना तुला विचारता येत होतं.

हे पत्र फक्त तुझं आहे. बैठकीत वाचायचा कागद वेगळा जोडलाय, तू मागितलास तसा, सहीनिशी.

तुझी,
प्रीती

*

बैठकीत वाचण्यासाठी

मी, प्रीती शिवराम उबाळे, राहणार टिटवाळा, लिहून देते की जागृती या नावाने निघालेलं कथांचं पुस्तक माझं आहे. मी आणखी लिहीत आहे.

बारा वर्षांपूर्वी याच खोलीत मला विचारण्यात आलं होतं की नवरा पीत नाही, मारत नाही, मग तुला त्रास काय. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. ते आज देते. मी त्या संसारात एकदाही निवळले नाही.

उपस्थितांपैकी ज्यांना या शब्दाचा अर्थ कळला नसेल, त्यांनी घरी जाऊन आपापल्या बायकोला विचारावा.

प्रीती शिवराम उबाळे
केशरबाईची मुलगी